प्रश्नाआधीचं उत्तर

१

पाणीखात्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. रस्त्याखालून गेलेला नळ कुठे फुटलाय हे खणण्याआधी वरून ऐकून सांगायचं, एवढंच त्याचं काम. त्यासाठी त्याच्याकडे एक नळी होती. डॉक्टरांच्या गळ्यात असते तशीच, फक्त खालची वाटी मोठी आणि पितळेची. भल्या सकाळी, गाड्या सुरू व्हायच्या आधी, तो रस्त्यावर गुडघे टेकून बसायचा, वाटी डांबरावर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. मागे मुकादम खणणारी माणसं घेऊन उभा असायचा आणि रोज तेच विचारायचा, "काय रे कानसेन, ताप आहे का रस्त्याला?"

"गप्प बसा जरा, मुकादम."

"पेशंट दगावायच्या आत सांग म्हणजे झालं."

मग कानसेन बोट टेकवायचा. तिथे खणलं की पाणी लागायचं. इतकी वर्षं झाली, बोट चुकलं नव्हतं.

ज्या म्हाताऱ्यानं त्याला हे काम शिकवलं, त्या उस्तादानं सुरुवातीला त्याला रस्त्याला वाटी लावूच दिली नव्हती. नळी कानात घालून वाटी नुसती हवेत धरायला लावायचा.

"काय ऐकू येतं?"

"काही नाही."

"खोटं बोलतोस. तुझं रक्त ऐकू येतंय. नवीन पोरं इथेच फसतात. स्वतःचं रक्त वाहताना ऐकतात आणि ओरडतात, पाणी सापडलं! मग अख्खा रस्ता उकरा. आधी तुझा आवाज ओळख. तो बाजूला ठेव. मग उरेल ते ऐक."

देवाच्या बाबतीतही त्यानं हीच रीत धरली होती. घराच्या मागच्या बाजूला एक लहान खोली होती. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या आणि रिकामे डबे असत. बायको गेल्यावर त्यानं ती मोकळी केली. ना मूर्ती, ना तसबीर, ना दिवा. एक स्टूल आणि चार भिंती. कामावरून आला, हातपाय धुतले, की तो दार लोटून त्या स्टुलावर बसे आणि मनात जे असेल ते विचारी. "मधे काही नको," असं तो म्हणायचा. आणि खोटं कशाला सांगा, त्या रिकाम्या खोलीचा त्याला थोडा अभिमानही होता.

उत्तर शब्दांत कधीच येत नसे. गढूळ पाणी हळूहळू निवळावं तसं मन निवळायचं आणि तळ दिसायचा. बहुतेक वेळा तळाशी जे दिसे ते त्याच्या मनाविरुद्धच असायचं. मेहुण्याची माफी माग, असं एकदा दिसलं. माफी मागताना जीव नकोसा झाला होता. थोरल्या बहिणीला कायमचं राहायला घेऊन ये, असं एकदा दिसलं. ताईच्या जिभेला तो लहानपणापासून घाबरायचा, तरी जाऊन घेऊन आला.

त्या दिवशी विचारायचं होतं ते चिंगीबद्दल. चिंगी म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. आता चांगली मोठी बाई झाली होती, पण घरात चिंगीच. ऐकू न येणाऱ्या मुलांना हातांच्या खुणांनी शिकवायचं, याचं शिक्षण तिनं घेतलं होतं. दूरच्या शहरातल्या तसल्याच एका शाळेनं तिला बोलावलं होतं. आदल्या दिवशी जेवताना तिनं सांगितलं तेव्हा तिचे डोळे नुसते हसत होते. तो म्हणाला, "विचारतो." कुणाला, हे घरात कुणी विचारलं नाही.

तो स्टुलावर बसला. श्वास हलका केला. आपलं रक्त ओळखलं, बाजूला ठेवलं. मग मनात म्हणाला, "तुझी जी इच्छा असेल ती. चिंगीनं जावं की..."

"नको."

शब्द होता. स्पष्ट. बारीक आवाजात, अगदी जवळून. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शब्द आला होता. तो उठला, दार उघडलं, आणि गुणगुणत स्वयंपाकघराकडे निघाला.

अर्ध्या वाटेत तो थबकला. त्याचा प्रश्न अजून पुरा झालाच नव्हता.

२

"विचारलंत?" चिंगी भांडी पुसत होती.

"विचारलं."

"मग?"

"नको असं आलं."

चिंगीचा हात थांबला. ताई खिडकीशी बसून फाटकी उशी शिवत होती. तिनं दोरा दातानं तोडला.

"असं आलं म्हणजे कसं आलं? टपालानं?"

"ताई, थट्टा नको."

"थट्टा कुठे करतेय? तुझ्या देवानं मला या घरात आणायला सांगितलं, तेव्हा आठवडाभर तोंड पाडून बसला होतास. मेहुण्याची माफी मागायला सांगितलं तेव्हा जेवला नव्हतास. आज 'नको' आलं आणि तू गुणगुणत आलास. म्हणून विचारलं."

त्याला राग आला. तो नळाखाली हात धूत राहिला. हात स्वच्छच होते.

चिंगी म्हणाली, "आत्या, राहू दे. बाबा माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत." मग त्याच्याकडे वळली. "पण बाबा, पुन्हा एकदा विचाराल? माझ्यासाठी? महिनाअखेरीपर्यंत थांबणार आहेत ते लोक. मी तोवर काही कळवत नाही."

"विचारतो की. त्यात काय!"

दुसऱ्या दिवशी तो खोलीकडे गेला. कडीला हात लावला.

"नको."

दार अजून बंद होतं. तो आत बसलेलाही नव्हता. त्यानं मागे वळून पाहिलं. बोळ रिकामा. तो तसाच कडीवर हात ठेवून उभा राहिला आणि स्वतःची समजूत घालू लागला. देवाला काय, माणसाच्या मनातलं आधीच ठाऊक असतं. त्याला पुरा प्रश्न कशाला लागतो? हे पटण्यासारखं होतं. फक्त एक गोष्ट खटकत होती. आवाज वरून येत नव्हता, खोलीतून येत नव्हता. कुणीतरी त्याच्या कमरेएवढ्या उंचीवरून, मान वर करून बोलावं, तसा येत होता.

आणि तो आवाज त्यानं पूर्वी कुठेतरी ऐकला होता.

आत न जाताच तो परत फिरला. चिंगीला म्हणाला, "तेच आलं."

ती बरं म्हणाली. म्हणजे म्हणाली असावी. तिचे ओठ हलले.

३

त्याच आठवड्यात कापडदुकानाच्या चौकात गळती लागली. आसपासच्या घरांना पाणी चढत नव्हतं. कानसेन गुडघ्यांवर बसला, वाटी टेकवली. लगेच ऐकू आलं. मोठा, भरलेला, थांबून थांबून उसळणारा आवाज. इतकी सोपी गळती कितीतरी दिवसांत मिळाली नव्हती. त्यानं बोट टेकवलं.

माणसं खणू लागली. गुडघाभर झालं, कंबरभर झालं. माती कोरडी ठणठणीत. नळ उघडा पडला. अंगावर थेंब नाही. एकानं त्यावर हात फिरवून कोरडा तळवा वर दाखवला.

मुकादम खड्ड्याच्या काठावर उभा होता. तो काहीतरी टोमणा मारेल म्हणून कानसेन वाट बघत राहिला. मुकादम काही बोललाच नाही. नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माणसांना म्हणाला, "बुजवा रे." त्या गप्प राहण्याचीच कानसेनला जास्त भीती वाटली.

खरी गळती पलीकडच्या गल्लीत निघाली. एका घराच्या तळघरात पाणी शिरलं, तेव्हा कळलं.

कानसेन चौकातल्या बाकावर बसला. वर्दळ सुरू झाली होती, तरी त्यानं नळी कानात घातली आणि कितीतरी वर्षांनी वाटी नुसती हवेत धरली. रक्त ऐकू आलं. धप, धप. हाच तो भरलेला, उसळणारा आवाज. नवीन पोराची चूक त्यानं म्हातारपणी केली होती. त्याला शरम वाटली, थोडं हायसंही वाटलं. चला, कारण तरी सापडलं.

तो नळी काढणार, इतक्यात त्याला आणखी काहीतरी ऐकू आलं. दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत. अगदी बारीक. एखादं लहान मूल खेळता खेळता तोंड मिटून गुणगुणतं ना, तसं.

त्यानं नळी झटक्यात काढली. बाकाच्या आसपास लहान मूल कुठेच नव्हतं.

४

घरात चिंगीची पावलं वाजेनाशी झाली.

हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. ताईची चप्पल फटफटायची, दाराची बिजागरी कुरकुरायची, खाली रस्त्यावर कुणाची सायकल पडली तरी त्याला कळायचं. पण पाठ फिरवून उभा असला की चिंगी एकदम शेजारी उगवायची आणि तो दचकायचा. तिनं ठेवलेली बशी वाजायची नाही. तिनं ओढलेली खुर्ची वाजायची नाही. मग एका सकाळी ती त्याच्यासमोर बसून बराच वेळ काहीतरी सांगत होती, आणि त्याला फक्त तिचे ओठ दिसत होते.

"मोठ्यानं बोल ना जरा, बाळा."

ओठ आणखी हलले. गळ्याच्या शिरा ताणल्या.

आतून ताई धावत आली. "अरे, काय झालं? ती का ओरडतेय?"

"ओरडतेय?"

"मग काय गातेय? अरे, कधीची बाबा, बाबा म्हणून हाका मारतेय पोरगी!"

कान! ज्यांच्यावर आयुष्य काढलं, ते कान गेले. चिंगीनंच त्याला हात धरून कानांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कानांत बत्ती घालून पाहिलं, मागे उभं राहून हळूहळू शब्द कुजबुजले. त्यानं एकूण एक शब्द परत सांगितला. बाहेर बाकावर बसलेल्या दोघी बायका काय बोलत होत्या तेही सांगितलं. डॉक्टर हसले. "आजोबा, तुमच्या निम्म्या वयाच्या माणसाचे कान इतके चांगले नसतात. कोण म्हणतं ऐकू येत नाही?"

मग त्यांनी चिंगीला विचारलं, "हे कधीपासून?" चिंगीचे ओठ हलले. खोलीत भिंतीवरच्या घड्याळाशिवाय कसलाही आवाज नव्हता. आणि डॉक्टरांनी मान डोलावली, ऐकल्यासारखी.

घरी येताना चिंगी रस्त्यात थांबली. आधी तिनं त्याच्या छातीकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या छातीशी मूठ धरली, आणि ती मूठ हळूहळू उघडली, तळवा आकाशाकडे. पुन्हा त्याच्या छातीकडे बोट. पुन्हा मूठ. तिच्या शाळेची ती भाषा होती. त्यानं ती कधी शिकून घेतली नव्हती. ती शिकत होती तेव्हा जेवणाच्या टेबलावर हात हलवून दाखवायची, आणि तो म्हणायचा, "जेव आता, निवलं सगळं."

"काय म्हणतेयस बाळा? छातीत दुखतंय का तुझ्या?"

तिनं मान हलवली. मग हात खाली सोडले आणि त्याच्या पुढे चालू लागली. तिची पावलं फुटपाथवर पडत होती. एकही वाजत नव्हतं.

५

महिना संपत आला. त्यानं खोलीत जाणं सोडलं होतं. जायची गरजच उरली नव्हती. नुसतं चिंगीचं नाव मनात आलं की "नको" येई. दात घासताना येई. बटणं लावताना येई.

एका दुपारी ताई बाजारात गेली होती आणि चिंगी आत निजली होती. तो नळी घेऊन त्या रिकाम्या खोलीपाशी गेला. आयुष्यभर जे काम केलं तेच करायचं त्यानं ठरवलं. आवाज कुठून येतो, ते शोधायचं. घाबरून काय होणार? प्रत्येक आवाजाला जागा असते.

त्यानं वाटी दाराच्या फळीला लावली.

आत कुणीतरी गुणगुणत होतं.

दार ढकललं. स्टूल. चार भिंती. खिडकीतून आलेलं ऊन. त्यानं वाटी भिंतीला लावली. गुणगुणणं. जमिनीला लावली. तेच. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि टेबलाला लावली. तेच. बाहेरच्या दाराला लावली, पाण्याच्या पिंपाला लावली, जिन्याच्या कठड्याला लावली. तोच आवाज, तेवढाच मोठा, तेवढाच जवळ.

तो जिन्याच्या पायरीवर खाली बसला. त्याच्या धंद्यातली ही साधी गोष्ट होती, पोरासोरांना कळेल अशी. नळाच्या जवळ गेलं की आवाज वाढतो, लांब गेलं की कमी होतो. वाढला नाही, कमीही झाला नाही, सगळीकडे सारखाच आला, तर आवाज नळात नाहीच.

तो ऐकणाऱ्यात आहे.

चिंगीचं ते बोट त्याला आठवलं. त्याच्या छातीकडे रोखलेलं.

त्यानं पितळी वाटीकडे पाहिलं. मग सदऱ्याची वरची बटणं सोडली. हे जिन्यात करायला त्याला लाज वाटली. म्हणून तो परत त्या खोलीत गेला आणि स्टुलावर बसला.

६

वाटी गार होती. त्यानं ती छातीवर, डाव्या बाजूला टेकवली.

पहिल्यांदा नुसते ठोके. त्यानं रीतीप्रमाणे ते ओळखले आणि बाजूला ठेवले. त्यांच्या मागे त्याचा श्वास होता, तोही बाजूला ठेवला. त्यामागे पोकळी होती. आवाज घुमतो त्यावरून जागा केवढी आहे हे त्याला कळायचं. ही जागा लहान होती. चार भिंतींची. एका भिंतीला दार असावं.

आणि खोली रिकामी नव्हती.

आतलं गुणगुणणं थांबलं. कुणीतरी स्टूल सरकवलं. पाय जमिनीला पुरत नसले की मूल जसं घसरत खाली उतरतं, तसं कुणीतरी उतरलं. मग छोटी पावलं. ती वाजत होती. प्रत्येक पाऊल वाजत होतं. वाटीच्या अगदी पलीकडे येऊन ती थांबली.

"बाबा," आतून आवाज आला. "विचारा ना. मी सांगते."

आता त्याला आठवलं तो कुणाचा आवाज होता ते. चिंगीचा. पण आताच्या चिंगीचा नव्हे. तिची आई गेली त्या संध्याकाळी, घर माणसांनी भरलेलं असताना, एक लहान मुलगी त्याच्या कमरेला मिठी मारून वर बघत म्हणाली होती, "बाबा, तुम्ही नको हं जाऊ." तो म्हणाला होता, "तू पण नको जाऊस." तेवढंच. त्यानंतर मुलगी मोठी होत गेली, शाळेत गेली, उंच झाली. तिला आत कधी आणून बसवलं, दार कधी लावलं, हे त्याला आठवेना. पण खोली झाडलेली होती. कुणीतरी रोज झाडत होतं.

"कुणाला सांगतेस?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.

"तुम्हीच तर येऊन विचारता," आतली म्हणाली. "सगळं मलाच विचारता. आणि नाव मात्र त्याचं घेता."

नळी काढून फेकून द्यायला हवी होती. त्यानं ती फेकली नाही. ही गोष्ट तो पुढे कुणाला सांगू शकला नाही. आतून तो आवाज येत होता, गोड, ओळखीचा, कधीही मोठा न होणारा. तो पुढे वाकला आणि ऐकत बसला. आतली हसली. आतलीनं त्याला चुकीचे आकडे म्हणून दाखवले, लहानपणी म्हणायची तसेच, मधला एक आकडा गाळून. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. तो ऐकतच बसला.

केव्हातरी त्यानं मान वर केली.

दारात चिंगी उभी होती. त्याची मोठी मुलगी. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिचे ओठ हलत होते, खांदे हलत होते, ती रडत होती. बोळातल्या भिंतीवर खुंटी आहे, तिला हिरवा टॉवेल असतो. त्याला तो टॉवेल दिसला. त्याची मळकी किनार दिसली. मग त्याला कळलं की टॉवेल चिंगीच्या मागे आहे, आणि तो चिंगीच्या खांद्यातून दिसतोय.

ऊन डोळ्यांवर असेल. डोळ्यांत पाणी होतं, त्यानंही असं दिसतं. त्यानं डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं.

टॉवेलवरचा डागसुद्धा दिसत होता.

७

तो उभा राहिला. नळी गळ्यात लोंबकळत राहिली. त्याला म्हणायचं होतं, जा. आत्ताच्या आत्ता जा. त्यानं तोंड उघडलं.

"नको," त्याच्या तोंडून आलं.

आवाज बारीक होता. चिंगी दोन पावलं मागे सरली. तिनंही तो आवाज ऐकला होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

त्यानं दात घट्ट आवळले. पुन्हा प्रयत्न केला. "नको. नको. बाबा नको ना." स्वतःच्याच तोंडावर हात दाबून तो भिंतीला टेकला. जीभ त्याची राहिली नव्हती. ज्या जिभेनं त्यानं इतके दिवस देवाचं नाव सांगितलं होतं, ती आतलीची होती. आणि समोर त्याची पोर फिकी होत चालली होती, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखी.

तेव्हा त्यानं तोंडावरचा हात काढला. चिंगीनं रस्त्यात दाखवली होती तशी मूठ मिटली. ती छातीशी नेली.

मूठ उघडेना. म्हातारी, दगड-मातीत काम केलेली बोटं, ती जणू कुणीतरी आतून धरून ठेवली होती. छातीत काहीतरी ओरडलं, इतक्या मोठ्यानं की नळी कानात नसतानाही त्याला ऐकू आलं. त्यानं डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं धरली आणि एकेक करून उचकटली. तळवा वर. चिंगीकडे.

चिंगी त्या हाताकडे बघत राहिली. मग धावत आली आणि तिनं त्याच्या उघड्या तळव्यावर कपाळ टेकवलं. कपाळ गरम होतं. जड होतं. खरं होतं.

बाहेर ताईची चप्पल फटफटली. "हे काय रे दोघं? मेलं कोण?" ती पिशवी खाली ठेवत म्हणाली. मग भावाच्या चेहऱ्याकडे, भाचीच्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा दुसरं वाक्य गिळलं. "बॅग माळ्यावर आहे," एवढंच म्हणाली. "काढते."

८

बसच्या खिडकीत चिंगी बसली होती. कानसेन खाली उभा. इंजिन घुरघुरत होतं, माणसं सामान चढवत होती, आणि तो तिच्या ओठांकडे बघत होता. या वेळी काही ऐकू येईल अशी त्याची आशा नव्हती.

बस हलली. चिंगीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाबा, अहो ती नळी काढा गळ्यातली! लोक हसतायत!"

त्याला ऐकू आलं. त्यानं खाली पाहिलं. खरंच, गळ्यात नळी होती. वर पाहिलं तेव्हा बस वळणावर गेली होती. कितीतरी वेळ तो तिथे उभा राहिला. तिचा आवाज इतका भरदार झालाय, घशात जरा खरखर आहे, हसताना तो खाली उतरतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. रस्त्यात भेटली असती आणि नुसता आवाज ऐकला असता, तर त्यानं मुलीला ओळखलं नसतं.

शेजारून ताई म्हणाली, "चल रे आता. दुसरी बस येतेय, तिच्याखाली जायचंय का?"

घरी आल्यावर त्यानं हातपाय धुतले. खोलीचं दार लोटलं. नळी खुंटीला टांगून ठेवली होती. तो स्टुलावर बसला. आज विचारायला काही नव्हतं. नाही म्हणायला, होतं एक. आजवर जे जे विचारलं, त्यातलं कितीचं उत्तर तुझं होतं? पण ते विचारायचं धाडस त्याला होईना. त्यानं नुसता श्वास हलका केला.

काही आलं नाही.

आधी कधी इतकं शांत वाटलं नव्हतं. ही शांतता खोलीपेक्षा मोठी होती, घरापेक्षाही मोठी. तिला भिंती नव्हत्या. आवाज घुमवून तिचं माप काढता येत नव्हतं. त्याच्या लक्षात आलं, की पुढे काय ऐकू येईल हे त्याला ठाऊक नाही. आणि आजवर प्रत्येक वेळी थोडं थोडं ठाऊक असायचं, हेही त्याच क्षणी लक्षात आलं. कित्येक वर्षांनी तो खरोखर ऐकत होता. त्याला दरदरून घाम फुटला.

आतली गेली नव्हती. ती तिथेच होती. फक्त गुणगुणत नव्हती. तीही कान देऊन बसली होती, त्याच्यासारखीच, पाय न हलवता.

मग आवाज आला.

शब्द नव्हता. हाक नव्हती. दारावर कुणीतरी हात ठेवावा, एवढंच. या खोलीचं दार त्याच्या पाठीमागे होतं, आणि ते दार हललंही नव्हतं. वाजलं ते दुसरं दार होतं, छातीतलं. बाहेरून. हलकेच. पण अशा हातानं, की ठरवलं तर दार, भिंती, सगळंच एका दाबात आत येईल.

आत स्टूल धाडकन पडलं. छोटी पावलं धावत कोपऱ्यात गेली. मग परत फिरली, दाराशी आली. कानसेनला कळलं की त्या दाराला कडी आहे ती आतून आहे. आणि ती कडी दोन्ही हातांनी धरून, पाठ दाराला लावून, कुणीतरी उभं आहे. कमरेएवढं. ते थरथरत होतं. तोही थरथरत होता. कोण जास्त घाबरलंय, हे त्याला सांगता आलं नसतं.

"बाबा," आतली कुजबुजली, "नका ना उघडू."

बाहेरचा हात थांबला. निघून गेला नाही. नुसता थांबला.

कानसेननं मूठ छातीशी नेली. करंगळी उघडली. बाकीची बोटं अजून मिटलेली होती.